तिची रजा, माझे पैसे

हिंगोलीबाहेरच्या एका हळद कारखान्यात मी अकरा वर्षं नोकरी करते आहे. ट्रक आला की त्यातल्या काही पोत्यांतून मूठ मूठ हळकुंडं काढायची, फोडून आतला रंग बघायचा, दळून ओलावा मोजायचा आणि कागदावर लिहायचं, हे माझं काम. त्या खोलीला सगळे नमुना खोली म्हणतात. खोलीत दोनच टेबलं. एक माझं, दुसरं तिचं. आम्ही दोघी बीएस्सी, दोघी एकाच आठवड्यात लागलो, पगार सारखा, काम सारखं. हे आधीच सांगते, कारण हेवा करायला माणूस आपल्या बरोबरीचं लागतं. मालकाच्या बायकोच्या गाडीचा मला कधी हेवा वाटला नाही. जिच्या डब्यातली भाजी मी रोज खायचे तिचा वाटला, आणि तो वर्षानुवर्षं पुरला.

ती आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरची. लग्न होऊन हिंगोलीत आलेली, नवरा एसटी डेपोत मेकॅनिक. मी शिरड शहापूरची. माहेरी मेंढरं. वडील म्हणायचे, मेंढराला रविवार न्हाई. पावसाळा सरला की वडील, भाऊ आणि भावजय कळप घेऊन बाहेर पडायचे, आई घर सांभाळायची. सुट्टी हा शब्द आमच्या घरात फक्त शाळेपुरता होता. त्यामुळं भरपगारी रजा म्हणजे काय, हे नोकरी लागल्यावरही मला नीट उमगलं नव्हतं. वीस दिवस कामावर आलं की एक दिवस रजा साठते, एवढंच ऐकून होते.

पहिल्या दिवाळीला मॅनेजरसाहेब एक कागद घेऊन नमुना खोलीत आले. कागदावर सगळ्यांची नावं आणि पुढं दोन रकाने. एक रजेचा, एक पैशांचा.

"वर्षाची रजा साठली आहे," ते म्हणाले. "रजा ठेवायची असेल तर इथं सही करा. रजेऐवजी पैसे पाहिजे असतील तर इथं. बहुतेकांनी पैसे घेतलेत."

मी पैशांच्या रकान्यात सही केली. विचार करावा असं त्यात काही आहे हेच मला वाटलं नाही. घरी बसून काय करणार? माझा नवरा कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो, मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आणि आमच्या दोन खोल्यांत कूलर नव्हता.

तिनं कागद वाचला, खालून वर पुन्हा वाचला आणि रजेच्या रकान्यात सही केली. साहेब गेल्यावर ती मला काहीतरी म्हणाली. मी त्यावर काहीतरी बोलले. ते काय होतं हे मी साफ विसरले होते. पुढं तिनंच मला त्याची आठवण करून दिली.

मे महिन्यात ती पंधरा दिवस रजेवर गेली. कारखाना तेव्हा लहान होता, हंगामातही एकीवर भागायचं. परत आली त्या दिवशी तिनं डबा उघडायला हात पुढं केला आणि मी बघतच राहिले. तिचे हात आपल्या मूळ रंगावर आले होते. आमच्या कामात हात पिवळे होतात. नखांच्या कडांत, बोटांच्या पेरांत, तळव्यांच्या रेषांत हळद बसते ती साबणानं जात नाही, घासलेटानं जात नाही. लग्नकार्यात बायका गमतीनं विचारतात, हळद कुणाची लागली गं. पंधरा दिवसांत तिची सगळी हळद उतरली होती. माझे हात तिच्या हातांशेजारी डब्यावर होते.

"काय केलंस इतके दिवस?" मी विचारलं.

"काही न्हाई. झोपले."

"झोपले म्हणजे?"

"दुपारची झोपले. रोज. जाग आली की भिंतीवरचं ऊन बघत पडायचं. आमच्या घरात चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं ते मला ठाऊकच नव्हतं बघ."

मी म्हटलं, बरं झालं. पण मला दिवसभर काही सुचलं नाही. घरी गेल्यावर रजेच्या पैशांतून आणलेल्या नवीन कूलरसमोर बसले. हवा गार होती. तरी मनात सारखं एकच येत होतं की आपल्या घरात चार वाजताचं ऊन कुठं येतं ते आपल्यालाही माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं रजेत स्कूटी शिकून घेतली. त्याच वर्षी माझ्याकडं वॉशिंग मशीन आलं. तिसऱ्या वर्षी ती नवऱ्याच्या पासवर एसटीनं फिरली, जिथं बस जाईल तिथं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्या वर्षी मी कपाट घेतलं. दर दिवाळीला तोच कागद यायचा. मी एका बाजूला सही करायचे, ती दुसऱ्या. माझ्या घरी वस्तू वाढत होत्या आणि येणारे-जाणारे वाखाणत होते. पण मे महिना लागला की माझ्या पोटात दुखायला लागायचं. ती नसताना तिच्या रिकाम्या टेबलाकडं बघून मी मनातल्या मनात तिला नावं ठेवायचे. हिला लेकराच्या शिकवणीची काळजी नाही. हिला पुढचा विचार नाही. हिचा नवरा सरकारी, हिला काय झालं. एकदा तर तिच्या वाट्याचे नमुने मी मुद्दाम बाजूला साठवून ठेवले, आल्यावर तिला करावे लागावेत म्हणून. आल्यावर तिनं ते निमूट करून टाकले.

चौथ्या वर्षी ती परत आली ती डोक्याला चपचपीत तेल लावून. केस राठ झाले होते, रंग रापला होता आणि चेहरा असा होता की दारातून आत येताच नमुन्याची पोती आणणारा हमालसुद्धा म्हणाला, ताई, काय खुश दिसून राहिल्या.

"पोहायला शिकले," ती मला म्हणाली. "माहेरच्या विहिरीत. भावानं शिकवलं. कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधला होता पहिले आठ दिवस. मग सोडला."

"ह्या वयात?"

"मग कोणत्या वयात शिकणार? लहानपणी कोण शिकवून राहिलं होतं."

तिनं ते सहज सांगितलं. तिला काय ठाऊक की शिरड शहापूरच्या विहिरीच्या काठावर मी किती दुपारी भावांच्या कपड्यांवर बसून काढल्या होत्या. कपडे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मला बसवायचे. खाली पाणी हिरवंगार, भाऊ एकमेकांवर उड्या टाकायचे, आणि मी वर. एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, पोरीनं विहिरीपासून लांब राहावं. मी लांब राहिले. तीसएक वर्षांची झाले तरी लांबच होते. आणि ही माझ्यासमोर बसून सांगत होती की पाठीवर पडलं की पाणी आपोआप उचलतं, फक्त घाबरायचं नाही.

त्या दिवशी माझा हेवा बदलला. आधी तो मे महिन्यापुरता यायचा. आता तो माझ्याबरोबर घरी येऊ लागला. भाकरी थापताना, मुलीची वेणी घालताना मला तीच दिसायची, पाण्यावर उताणी पडलेली.

पुढच्या मे महिन्याच्या आधी तिनं नेहमीसारखा अर्ज दिला. कारखाना तोवर वाढला होता, ट्रकांची रांग फाटकाबाहेर जायची. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर तिचा अर्ज होता. कारणाच्या जागी तिनं लिहिलं होतं, हक्काची रजा.

"यांना काही अडचण आहे का घरी?" साहेबांनी विचारलं. "तुम्हाला माहीत असेल. आजारपण, लग्नकार्य असं काही?"

मला म्हणता आलं असतं की मला माहीत नाही. मला म्हणता आलं असतं, रजा तिची आहे, कारण कशाला पाहिजे. मी म्हटलं, "अडचण काही न्हाई साहेब. विहिरीत पोहायला जाते ती."

साहेब हसले. मीही थोडी हसले. त्यांनी अर्जावर लिहिलं, हंगाम चालू आहे, नामंजूर.

दुपारी ते नमुना खोलीत आले आणि तीनचार हमाल उभे असताना तिला म्हणाले, "आम्ही इथं हळदीत बुडालोय मॅडम आणि तुम्हाला पोहायचं सुचतंय?"

सगळे हसले. तिनं अर्ज हातात घेतला, वाचला आणि म्हणाली, "साहेब, याच्यावर सही-शिक्का करून एक प्रत मला द्या."

मग तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. पोहण्याचं कारखान्यात मला एकटीलाच माहीत होतं.

ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी डबाही माझ्यासोबतच खाल्ला. भाजी वाढली, माझ्या डब्यातली चटणी घेतली. फक्त तिनं मला काही सांगणं बंद केलं. काल काय झालं, भाऊ काय म्हणाला, मुलाला किती मार्क पडले, काही नाही. कामाचं तेवढं बोलायची. मी विचारलं तर म्हणायची, चाललंय. पुढची दोन वर्षंही तिनं अर्ज दिला, दोन्ही वेळा हंगामाचं कारण लिहून तो परत आला, दोन्ही वेळा तिनं शिक्का मारून प्रत घेतली आणि टेबलाच्या खणात एका फायलीत ठेवली. तिची रजा बंद पडली म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिच्या आयुष्यात आता काय चाललंय हे मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याचा हेवा जास्त वाढतो हे मला तेव्हा समजलं. ती खिडकीतून बाहेर बघून उगाच हसली तरी मी दिवसभर विचार करायचे, कशाला हसली असेल.

मग माझी आई पडली.

दिवाळी होऊन महिना झाला होता. वडील, भाऊ-भावजय कळप घेऊन परभणीच्या बाजूला गेले होते. आई घरी एकटी. बकऱ्यांना पाला टाकताना पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यातून मोडलं. शेजारच्यांनी तिला हिंगोलीला आणलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले की महिनाभर जवळ माणूस पाहिजे. आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर. आईला तिथं नेणं शक्य नव्हतं. मलाच शिरड शहापूरला जाऊन राहावं लागणार होतं.

मी साहेबांकडं गेले.

"महिनाभराची रजा पाहिजे साहेब."

त्यांनी रजिस्टर काढलं. "तुमची रजा कुठं आहे? दिवाळीला पैसे उचललेत ना? ही काय सही."

सही माझीच होती. त्या पैशांचा फ्रिज घरी आला होता आणि त्यात आईसाठी आणलेली औषधं ठेवलेली होती.

"चार दिवस बिनपगारी देतो," साहेब म्हणाले. "त्याच्यावर मला जमणार नाही. शिवाय तुमच्या जोडीदारणीची मोठी रजा मंजूर झालीय, पुढच्या सोमवारपासून. दोघी गेल्यावर नमुने कोण बघणार?"

ते मला नवीन होतं. तीन वर्षं नाकारलेली आणि ह्या वर्षीची मिळून तिला बरीच रजा साठली होती. तिनं शिक्के मारलेल्या प्रती पुढं ठेवल्या होत्या आणि त्यातले चाळीस दिवस तिला एका दमात मिळाले होते. मी खुर्चीवर बसून ऐकत होते. आई दवाखान्यात होती, आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिला आकडा आला तो चाळीस.

नमुना खोलीत येऊन मी टेबलावर डोकं टेकलं. ती हळकुंडं फोडत होती. फोडायची थांबली.

"काय म्हणाले साहेब?"

मी सांगितलं.

"रजा विकता येत न्हाई," ती म्हणाली. "नोकरी चालू असताना न्हाई येत. नोकरी सुटली, माणूस गेलं, तर उरलेल्या रजेचा पैसा देतेत. तू सही केली म्हणून तुझा हक्क जात न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"फाटकाजवळ पत्र्याचा फलक हाय ना. त्याच्यावर लिहेल हाय सगळं, मराठीत. अर्ज दिला अन् मालकानं नाकारला तर ती रजा बुडत न्हाई, हे बी तिथंच हाय. नवरा न्यायला यायचा तवा वाट बघत वाचलं मी. पहिल्याच वर्षी."

तो फलक मला चांगला माहीत होता. त्याच्या खिळ्याला मी रोज स्कार्फ अडकवायचे.

"मग मला काहून न्हाई सांगितलं?" माझा आवाज चढला. इतकी वर्षं ती हे जाणून होती आणि गप्प बसली, असं वाटून मला तिचा राग आला.

"सांगितलं होतं. पहिल्या दिवाळीला, साहेब गेल्या गेल्या. तू म्हणालीस, तुला पैशाची गरज नसंल, आमाला हाय."

मला आठवलं. शब्द नाही, पण म्हणतानाचा माझा सूर आठवला.

तिनं खणातून कोरा कागद काढला आणि माझा अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी लिहून थांबली. मान वर न करता म्हणाली, "पोहायचं तूच सांगितलं होतं ना साहेबांला?"

"व्हय."

"काहून?"

मी काय सांगणार होते? विहिरीच्या काठावरचे कपडे सांगणार होते का? म्हटलं, "तुझं बघवलं न्हाई मला."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि पुढची ओळ लिहिली.

आम्ही दोघी साहेबांकडं गेलो. साहेबांनी आधी नियम सांगितले, मग चिडले, मग म्हणाले की पैसे घेतलेत ते घेतलेतच. तिनं फलकावरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वर म्हणाली, "हिनं उचललेले पैसे हिच्या पगारातून थोडे थोडे कापून घ्या. ह्या वर्षीची रजा हिला द्या. वरचे दिवस बिनपगारी द्या. मी माझी रजा पुढं ढकलते, ही येईपर्यंत नमुना खोली बघते. न्हाई तर मी सोमवारी जाते, अन् तुमी हिचा अर्ज नाकारून सही-शिक्का द्या. तो कागद कुठं न्यायचा ते आमी बघू."

साहेब पाणी प्याले. पंधरा दिवस भरपगारी आणि दहा बिनपगारी, असं ठरलं.

आम्ही बाहेर आलो. ती म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाई केलं. तुझ्या मायसाठी केलं." तिनं तसं म्हटल्यावर मी सुटल्यासारखी झाले. पण फार वेळ नाही. एसटी स्टँडवर औंढ्याच्या गाडीत बसले तेव्हा मला जाणवलं की मी आता तिच्या मोठेपणावर जळते आहे. मी तिच्या जागी असते तर ढकलली असती का माझी रजा? नसती ढकलली. आणि हे तिलाही माहीत असणार.

शिरड शहापूरला पंचवीस दिवस राहिले. आईचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, वॉकर धरून ओसरीपर्यंत चालवायचं, बकऱ्यांना पाला टाकायचा. पहिले चार दिवस आई रोज सकाळी विचारायची, "तुझी नोकरी गेली का गं?"

"न्हाई माय. रजेवर हाय."

"मग पगार बंद असंल."

"पंधरा दिवसांचा चालू हाय."

"घरी बसून पगार देतेत?"

"देतेत."

शेजारीण आली तेव्हा आईनं तिलाही सांगितलं, आमच्या लेकीला मायजवळ बसायचा पगार हाय. शेजारणीला खरं वाटलं नाही. दोनतीन दिवसांनी मी आईच्या डोक्याला तेल लावत होते. तिची पाठ माझ्याकडं होती.

"दर साली मिळते का ही रजा?" तिनं विचारलं.

"मिळते."

"मग ह्याच्या आदी काहून न्हाई आलीस?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. माणूस जसं विचारतं, बस उशिरा का आली, तसं विचारलं होतं. कळप बाहेर गेला की वर्षातले सहासात महिने ती ह्या घरात एकटी असायची, आणि मी पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. कूलर, मशीन, कपाट, फ्रिज. मी म्हटलं, "काम असायचं माय." ती म्हणाली, "व्हय, काम तर असतंच."

त्यानंतर मी रजेच्या बदल्यात पैसे घेतले नाहीत. मागच्या वर्षांच्या विकलेल्या रजांचं काय, हे नमुना खोलीत ती मला दोनदा म्हणाली होती. भांडायचं असेल तर भांड, मी सोबत येते. मी भांडले नाही. आता कायदा बदललाय म्हणतात, वर्षाच्या शेवटी मागितले तर पैसेही मिळू शकतील. साहेब पुन्हा कागद फिरवतील. फिरवू देत.

त्या वर्षी मी शिरड शहापूरहून परत आले आणि ती तिच्या चाळीस दिवसांच्या रजेवर गेली. जाताना कुठं जाणार, काय करणार, काही बोलली नाही. मी विचारलंही नाही. खोलीत एकटी बसून मी दोघींचं काम करत होते आणि तिच्या दिवसांचा अंदाज बांधत होते. बाराव्या दिवशी रविवार होता. मी एक निमित्त शोधलं. रसायनांच्या कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडं राहिली होती. फोन करून विचारता आलं असतं. ती माहेरीच असणार या अंदाजानं मी बाळापूरची बस धरली.

तांड्यावर तिचं घर विचारत गेले. अंगणात ती आणि तिची आई हरभऱ्याचे ओले घाटे सोलत बसल्या होत्या. मला बघून ती उठली नाही, पण सरकून जागा केली.

"किल्ली पाहिजे होती," मी म्हटलं.

"हिंगोलीला घरी हाय. नवऱ्याला सांगते, आणून देईल."

मी कारखान्याचं सांगायला लागले, नव्या ट्रकांचं, साहेबांचं. ती म्हणाली, "कारखान्याचं इथं नको." तिच्या आईनं माझ्यासमोर घाटे ओतले आणि आम्ही तिघी सोलत बसलो. त्या मायलेकी अधूनमधून आपल्या बोलीत बोलायच्या. ते मला कळायचं नाही आणि मी कान टवकारून ऐकायचे. मी बघायला आले होते की ही रजेत काय करते. ती हरभरे सोलत होती.

तिच्या आईनं मला निरखून विचारलं, "तूच का ती? जिच्या घरी मशीन हाय कपडे धुयाचं?"

"व्हय मावशी."

"अन् फ्रिज."

"व्हय."

"दर साली ही येऊन सांगती. तिच्याकडं हे आलं, तिच्याकडं ते आलं. एका साली तर जावयासंगं भांडून आली होती. म्हणे, मी बी रजेचे पैसे घेतले असते तर माझ्या घरी बी मशीन आलं असतं, हाताची सालटी गेली नसती. तीन दिवस जेवली न्हाई नीट."

ती आईला तिच्या बोलीत काहीतरी तोडून बोलली. आई हसली आणि चहा टाकायला आत गेली. ती खाली मान घालून घाटे सोलत राहिली. कान लाल झाले होते. मी सात वर्षांत तिला लाजताना बघितलं नव्हतं.

परतताना ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. दोन्ही बाजूला हरभरा होता. बरंच चालल्यावर मी विचारलं, "खरंच भांडली होतीस मशीनवरून?"

"व्हय." ती म्हणाली, "तुझं घर भरून राहिलं होतं अन् मी दुपारी झोपून राहिले होते. लोक म्हणायचे, नोकरी करती तर दिसत काहून न्हाई घरात. मला वाटायचं, आपण येड्या तर न्हाई."

"मग सही बदलायची."

"बदलणार होते. कागद आला का तुझे हात बघायचे. मग न्हाई बदलावं वाटायचं."

तिनं ते मला लागावं म्हणून म्हटलं की सहज म्हटलं, मला सांगता येत नाही. मी तिला म्हटलं की उन्हाळ्यात मशीन बिघडलं होतं, दोन महिने बंदच होतं. ती म्हणाली, असं? आणि पहिल्यांदाच मोकळं हसली. मलाही हसू आलं.

बस आली. ती हात हलवत थांबली नाही, लगेच वळून तांड्याकडं चालू लागली. चाल अशी होती की कुठं पोचायची घाई नाही. मला खिडकीची जागा मिळाली. तिच्या मनातही इतकी वर्षं माझ्यासारखंच काहीतरी जळत होतं, हे ऐकून मला बरं वाटलं होतं, अजूनही वाटत होतं. पण उद्या सोमवार होता, फाटकाबाहेर ट्रक उभे राहणार होते, आणि तिचे अजून अठ्ठावीस दिवस बाकी होते. कळमनुरी येईपर्यंत मी ते बोटांवर मोजत होते.